पंधरा दातांची

शनिवारी संध्याकाळी, अर्धं शटर ओढून झाल्यावर
रेणुका कलशेट्टी वाकून आत आल्या.
एका हातात चाक, जुनं, पुण्यात कुणाकडून घेतलेलं,
दुसऱ्या हातात खोकं, त्यात कोरी कॅसेट,
अकरा चकत्या, एकीलाही अजून तेल न लागलेलं.
"फक्त बसवायचीय हो.
पहाटे चारला सात रस्त्यावरून सुटायचं,
विजापूर गाठून परत."

"फक्त" हा शब्द दुकानात आला
की मी आधी हात पुसतो.

हबच्या अंगावर खाचा असतात, नऊ.
त्यातली एक अरुंद,
म्हणून कॅसेट कशीही घालता येत नाही,
तिला एकच तोंड.
खाच खाचेला भेटली, चकत्या सरकल्या,
मी मनात म्हटलं, जमलं.
मग वरचं कडं फिरवलं:
एक आटा धरला, पुढचा अर्धा, आणि सुटलं.
शेवटची, सगळ्यात धाकटी चकती
टिचकी मारली की वाजत होती
खिशातल्या सुट्या पैशासारखी.

कॅलिपर लावला.
हब दहाच्या जमान्यातलं, कॅसेट अकराची.
फरक पावणेदोन मिलिमीटर, वर किंचित.

"एवढुसा?"
त्या हसल्या, आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबल्या.
"ठोकून नाही का बसत?"

ठोकून सगळं बसतं, मॅडम.
मीही ठोकलंय एकदा,
गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं म्हणून.
ॲल्युमिनियम मऊ, पोलाद कडक,
महिन्याभरात दातांनी हब चावला.
ते चाक माळ्यावर आहे.
विकत नाही, फेकतही नाही.

बाकड्यावर वडील होते.
चाळीस वर्षं मागांचे जॉबर;
मागांनी कान नेले, बोटं ठेवली.
वीण दाट-विरळ करायची तर पिनियन बदलायचं,
आणि या कंपनीचं त्या मागाला चालायचं नाही,
भोक तेच, दात तेवढेच, जाडीत मात्र केसाचा घोळ.
कारखान्याच्या जागी आता मंगल कार्यालय आहे
तरी पिनियनांचा डबा त्यांनी भंगारात दिलेला नाही.

"आगु रा."
थांब रे, म्हणाले.
आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलंच नव्हतं.
कॅसेट मांडीवर घेतली, चकत्या चाचपल्या,
मधली एक काढली, तिच्या पाठची पातळ कडी काढली,
दोन्ही फडक्यावर ठेवल्या.
"माप खोटं करू नये. एक घर कमी करावं.
सूत कमी पडलं की काठातला एक मोर गाळायचो.
चादर अंगावर घेणाऱ्याला थंडी वाजली का कधी?"

दहा चकत्या बसल्या.
कडं आवळताना करकर करकर आवाज आला,
पाना हातात थरथरला, मग गप्प.
डेरेलरचा स्क्रू थोडा आत घेतला,
जी चकतीच नाही तिच्याकडं साखळीनं जाऊ नये म्हणून.
साडेनऊ वाजले. पैसे उद्या, म्हणालो.

उद्या त्या आल्या रात्री नऊला,
कपाळावर मीठ वाळलेलं, चाल बदकाची.
"झळकीपाशी समोरून वारा आला हो.
चौदा जड, सतरा हलकी,
मध्ये पाय सारखं काहीतरी शोधलाला होता,
दिवे गेल्यावर जिन्यात पायरी शोधतो तसं."
तक्रार नव्हती ती.
थोडं थांबून म्हणाल्या, "ती चकती द्या की. माझीच आहे."

खिळ्यावर बघितलं. फडक्याखाली बघितलं. नव्हती.

वडिलांनी डबा उघडला.
पिनियनांमध्ये ती बसून होती,
एका दिवसात त्यांच्यातलीच झालेली;
मलाही ओळखायला दोनदा दात मोजावे लागले.
त्यांनी ती दिली, जरा उशिरानंच दिली.

पुढच्या वेळी, मी म्हणालो,
आधी चाक दाखवा, मग खोकं घ्या.
त्या ऐकत नव्हत्या.
चकती नाकाशी धरून म्हणाल्या,
"हिला कसला वास येतोय?"